पोटातलं नाव

शोशोंग
९ मार्च २००३

बाळ सेयाबेलो,

आधी चांगली बातमी. माझा शेवटचा दीर मेला. असं लिहू नये, देव बघतोय. पण बघू दे, इतकी वर्षं त्या तिघांना बघत होताच की. शनिवारी पुरलं. मी पुढच्या रांगेत बसून रीतसर रडले आणि मग कुटलेल्या मांसाच्या दोन थाळ्या खाल्ल्या. मांस छान झालं होतं, मीठ जरा कमी.

तुला आठवतं ना, माझ्या ओतेंगचे बाबा गेले त्याच आठवड्यात हे तिघे भाऊ अंगणात येऊन उभे राहिले. "वहिनी, बाईमाणसाला गुरांचा ताप कशाला, आम्ही नेतो." आईनं मला लग्नात दिलेली गुरं! म्हणून आपण दोघांनी ती तुझ्या गोठणीकडे हाकलली, त्यांच्यावर तुझा डाग मारला, आणि मी तुला शिकवलं की कुणी विचारलं तर म्हणायचं, माझी आहेत. मालक एक आणि राखणारा दुसरा ही आपली जुनी रीतच आहे. मी तिच्यात फक्त एक खोटं कालवलं. बावीस वर्षं तू ते इमानानं बोललास. देव तुला बघून घेईल, चांगल्या अर्थानं.

आता ऐक. रेडिओवर सांगितलं, सरकारची माणसं गोठणीगोठणीवर येणार आणि प्रत्येक गाईला चिनीमातीची एक गोळी गिळायला लावणार. गोळी जन्मभर पोटात राहणार. काठीसारखं यंत्र पोटाजवळ नेलं की गोळी आकडा सांगणार, आणि आकड्यापुढे मालकाचं नाव. समुद्रापलीकडची माणसं आपलं मांस खातात, त्यांना म्हणे गाय कुणाची ते कळल्याशिवाय घास उतरत नाही. आम्हाला तर खाल्ल्यावर उतरतो. पण मला इतका आनंद झाला की आंबील उतू जाऊन चूल विझली तरी मी रेडिओपाशीच उभी.

सेयाबेलो, ज्यांना बावीस वर्षं मी चारचौघांत माझ्या म्हणू शकले नाही त्या गाई आता पोटातून माझं नाव सांगणार! लपवायचं आता कुणापासून? तिघेही मातीत. ती माणसं आली की माझं नाव दे. गालेबोए. पूर्ण दे, आडनावासकट. मी आले असते, पण गुडघा ऐकत नाही. मोपानेच्या झाडावरच्या अळ्या खायला वाळवून ठेवल्यात, कुणी तिकडे येणारं भेटलं की पाठवते. तुझ्या बायकोला, केसेगोला सांग, यंदा जाड आहेत.

तुझी आक्का


मोरुलेंगची गोठण
३० मार्च २००३

आक्का,

तुझं पत्र परवा दुकानात मिळालं. गोळीवाले अकरा तारखेलाच येऊन गेले.

एकतीसच्या एकतीस गुरांनी गोळ्या गिळल्या. गाय खोड्यात घालायची, मान वर धरायची, लांब नळी घशात सारायची, की गोळी आत. बांडीनं गोळी दोनदा थुंकून टाकली. तिसऱ्यांदा साहेबाच्या अंगठ्यासकट गिळायला निघाली होती. केसेगो म्हणाली, "साहेब, एखादी जास्तीची असेल तर ह्यांनाही द्या, संध्याकाळी दारूच्या अड्ड्यावर शोधायला बरं पडेल." सगळे हसले, साहेबसुद्धा. काठी नेली की पोटाजवळ पाखरासारखी चिवचिवते.

दीर गेला ते बरं झालं. अळ्या पाठव. बाकी सगळं ठीक.

सेयाबेलो


शोशोंग
२० एप्रिल २००३

बाळा,

तुझं पत्र मी सातदा वाचलं. चार यत्तांच्या शिक्षणाला एवढं काम आजवर पडलं नव्हतं. साहेबाचा अंगठा! मी एकटीच हसत बसले, तर शेजारची म्हणते, म्हातारी गेली कामातून.

मी सगळ्यांना सांगितलं. नळावर सांगितलं. चर्चमध्ये प्रार्थना संपायच्या आत सांगितलं. दुकानदाराला सांगितलं, त्यानं विचारलं नव्हतं. "माझी एकतीस गुरं आहेत मोरुलेंगला." हे वाक्य म्हणायला किती सोपं आहे रे! मला वाटायचं जीभ अडखळेल. दुकानदार म्हणाला, "आजी, मग एवढी वर्षं उधारीवर साखर का नेत होतीस?" मी म्हटलं, गाय साखर देत नाही, बाबा.

तू एक लिहिलं नाहीस. नाव नीट लिहिलं ना त्यांनी? आपल्याकडचे कारकून 'गालेबोए'चं काहीच्या बाही करतात. बघून कळव.

आणि आणखी आनंद. ओतेंगच्या मोआगीनं मुलगी पसंत केली, मोलेपोलोलेची, गाओने नावाची. दात जरा पुढे आहेत, पण हसते भरपूर, म्हणजे लपवत नाही. ह्याच्या बापानं ओतेंगच्या दारात कधी पाऊल टाकलं नाही, म्हणून पोरगं आपल्या घरचं आणि नवरीसाठी द्यायची बोगादीही आपल्याच घरून जायची. मुलीकडचे आठ गुरं मागतात. मी म्हटलं, आठच? पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये देऊ. सेयाबेलो, आजीच्या नावची गुरं नातवाची बोगादी म्हणून चालत जाणार. आपल्या आईला हे बघायला मिळायला हवं होतं.

तुझी आक्का


मोरुलेंगची गोठण
६ नोव्हेंबर २००३

आक्का,

उत्तराला उशीर झाला. कामं फार.

गोळ्यांचा फायदा मला आता कळायला लागलाय. दर दोन महिन्यांनी गुरं काट्यावर घालतो. आकडा, वजन, कधी व्याली, लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, हे सगळं कचेरीतली मुलगी कागदावर छापून देते. आधी आपण डोळ्यांनी राखायचो. डोळ्याला लाडकी गाय दिसते, भाकड दिसत नाही. मागचा हिशेब लावला तर राखी तीन वर्षं व्यायलीच नव्हती, आक्का. तिच्या बहिणीची वासरं आपण तिची समजत होतो.

कागद बघून पाच गुरं काढली. खाटीकखान्याची गाडी आली आणि घेऊन गेली. त्यात राखी होती. त्या पैशात एक जातिवंत वळू घेतला. यंदा बारा वासरं आहेत, एकही मेलं नाही. असं कधी झालं होतं का?

नावाची कागदपत्रं हळूहळू होतात. मोआगीला आशीर्वाद.

सेयाबेलो


शोशोंग
१४ डिसेंबर २००३

सेयाबेलो,

बारा वासरं! मी नळावर सांगून आले. मग घरी येऊन रडले.

राखी आईनं दिलेल्या गाईची पणती होती. मोठ्या दुष्काळात सगळी गुरं बसली होती, आठवतं? तूच सांगितलंस मला. तू शेपट्या पिरगाळून थकलास, आणि ही म्हातारी आपली आपण उठली, पाण्याच्या वाटेला लागली, तेव्हा बाकीची तिच्या मागं उठली. हे तुझ्या काठीत कुठं चिवचिवतं? भाकड होती तर होती. मीही तीस वर्षं भाकड आहे, मला कोणत्या गाडीत घालणार आहेस?

असो. वळू चांगला निघो. मी फार रागावलेली नाही, थोडीच. पण पुढच्या वेळी विकायच्या आधी मला विचारायचं. आणि खाटीकखान्यानं पावतीवर कुणाचं नाव लिहिलं? माझ्याकडे तर काहीच आलं नाही. पैसे नकोत रे, वळू आला त्यात. नाव विचारते.

आता बोगादीची आठ. मी निवडलीत. बांडी नको, ती म्हातारी झाली. तिची मुलगी घे. कवडी, तिची दोन्ही पिलं, तांबडीच्या वेतातली दोन, ती डोळ्यांभोवती काळं असलेली एक, आणि एक तरणा गोऱ्हा, शिंगं सारखी असलेला, कारण मुलीकडचे म्हातारे शिंगं बघतात. ऑगस्टच्या आधी वाटेचा परवाना काढून ठेव.

गाओनेच्या आईनं मला निरोप पाठवला, "गुरं असलेली विहीण मिळाली, नशीब." गुरं असलेली! मी निरोप्याकडून तो दोनदा म्हणवून घेतला.

तुझी आक्का


मोरुलेंगची गोठण
११ फेब्रुवारी २००४

आदरणीय आक्का,

तुम्ही मागितलेल्या गुरांच्या परवान्यासाठी कचेरीत गेलो होतो. गुरं हलवायची तर आकडा लागतो, आणि आकड्यापुढे जो मालक आहे त्याच्याच नावानं परवाना निघतो.

मालक म्हणून माझं नाव आहे.

तुमचं पत्र यायच्या आधी ते आले होते, हे मी तेव्हाच लिहिलं होतं. खोड्याजवळ साहेबानं विचारलं, गुरं कुणाची? बावीस वर्षं तोंडात बसलेलं उत्तर निघालं. डाग माझा, नाव माझं. साहेबानं लिहिलं. मग तुमचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलता आलं असतं.

गेलो नाही, हे खरं.

सेयाबेलो


शोशोंग
७ मार्च २००४

मला 'तुम्ही' कधीपासून रे? तुला मी पाठीवर बांधून शेतावर नेत होते. माझ्या पाठीवर मुतलास तेव्हा 'आदरणीय' म्हणाला होतास का?

पत्र वाचल्यावर मी दोन दिवस आंबील ढवळत होते, चूल न पेटवता. मग लुगडं बदललं आणि चावडीवर गेले. गावप्रमुख कोसींनी पाच म्हाताऱ्यांना बोलावलं. आंधळा रामोत्से काठी टेकत आला आणि कवडीची आई, आजी, पणजी, कुठल्या साली कुठल्या ओढ्याला कुठली व्याली, सगळं बोलला. एका जागी मी चुकले, तो नाही चुकला. सगळ्यांनी साक्ष दिली की डाव्या कानाला दोन काप म्हणजे गालेबोएची गुरं, डाग कुणाचाही असो. कोसी म्हणाले, "बाई, गुरं तुझी. ह्यात विचारण्यासारखं काय आहे?" सगळ्यांनी मान डोलावली. मला वाटलं, झालं.

कोसींची चिठ्ठी घेऊन मी कचेरीत गेले. दोन गाड्या बदलून, गुडघ्यासकट. तिथली मुलगी फार चांगली. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, चिठ्ठी पूर्ण वाचली आणि म्हणाली, "आजी, मला पटतंय. पण चावडीचा निकाल मी कुठल्या रकान्यात भरू?" तिनं पडदा माझ्याकडे वळवून दाखवलासुद्धा. आकडा, जन्म, रंग, वजन, लस, मालक. कानाच्या कापाला जागा नव्हती. रामोत्सेलाही नव्हती. ती म्हणाली, ज्याचं नाव आहे त्यानं स्वतः येऊन दुसऱ्याला दिली असं सांगितलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

दहा मिनिटं, सेयाबेलो. तू ये. आलास की मी काही बोलणार नाही. चहा पिऊ आणि जाऊ. मी गावभर सांगून बसलेय रे.

आक्का


मोरुलेंगची गोठण
१६ मे २००४

आक्का,

मी कचेरीत दोनदा गेलो. पहिल्यांदा खरंच बदलायला गेलो होतो. मुलीनं यादी मोठ्यानं वाचली, एकेक आकडा, आणि प्रत्येक आकड्यापुढे माझं नाव. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एकानं उठून जागा दिली. मला आजवर कुणी वळून बघितलं नव्हतं. मी तसाच परत आलो.

तुला वाटतं मी चोर. वाट. पण तू दर नाताळात यायचीस, गुरं मोजायचीस, बांडीच्या गळ्यात हात घालायचीस, चहा प्यायचीस आणि जायचीस. इंजिन यायच्या आधी चौदा वर्षं केसेगोनं त्या विहिरीतून हातानं पाणी ओढलं. तिची उजवी मूठ अजून पूर्ण उघडत नाही, तू कधी पाहिलीस? आमची थोरली तापानं फणफणली तेव्हा गाढवगाडी तुझ्या गुरांचं पाणी आणायला गेली होती. गाडी येईपर्यंत मूल थंड झालं होतं. रीत सांगतेस ना, चावडीवर नेऊन? रीत असंही सांगते की राखणाऱ्याला अधूनमधून कालवड द्यावी, म्हणजे त्याचंही गोत वाढेल. बावीस वर्षांत तू तीन जनावरं दिलीस. तिन्ही गोऱ्हे.

तुझ्या डोळ्यांनी एकतीस होती. माझ्या कागदांनी आज एकोणचाळीस आहेत.

आता मोआगीचं. मी त्याच्या आईचा मामा आहे. बोगादीत मामानं गुरं घालणं शोभतं. मी आठ घेऊन येतो, माझ्या नावची, भेट म्हणून. कुठली ते मी ठरवीन, वजन बघून. परवान्यासाठी एक कागद जोडलाय. त्यात लिहिलंय की ही गुरं सेयाबेलोच्या मालकीची असून त्यानं ती भेट दिली आणि तुला मान्य आहे. खाली सही कर. केलीस तर ऑगस्टमध्ये गुरं मोलेपोलोलेला पोचतील. नाही केलीस तर कोसींची चिठ्ठी घेऊन नवरीच्या दारात जा. आठ चिठ्ठ्या ने, हवं तर.

केसेगो म्हणाली, हे शेवटचं वाक्य खोड. मी खोडलं नाही.

सेयाबेलो


शोशोंग
२९ ऑगस्ट २००४

सेयाबेलो,

लग्नात आपल्याला बोलायला मिळालं नाही. तू माणसांत होतास. म्हणून लिहिते.

गोऱ्ह्यांचं खरं आहे. मी मुद्दाम नाही केलं. कालवड द्यायला हात पुढं येत नव्हता, गोऱ्ह्याला यायचा, आणि मी स्वतःला उदार समजत होते. थोरली गेली हे मला माहीत होतं. गाडी कुठं गेली होती ते माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. लग्नात मी केसेगोची मूठ हातात घेऊन बघितली. तिनं काढून घेतली. बरोबर केलं तिनं.

हे सगळं खरं, आणि तरी गुरं माझी होती. तू मागितली असतीस तर निम्मी दिली असती, असं लिहिणार होते. पण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. नसती दिली. चार दिली असती, कुरकुरत.

कागद तीन आठवडे पिठाच्या डब्याखाली होता. मोआगी रोज यायचा. "आजी, मामाआजोबांचं पत्र आलं का? परवाना निघाला का?" त्याला मी काही सांगितलेलं नाही. तुझ्याबद्दल पोराच्या मनात घाण घालून त्याला बोहल्यावर कसं चढवू? ओतेंगला कळलंय बहुतेक, ती माझ्याशी फार गोड बोलते हल्ली. मग गाओनेच्या आईचा निरोप आला की गुरं येत नसतील तर आमच्याकडे दुसरेही विचारतायत. मी कचेरीत जाऊन त्या मुलीसमोर सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट. ती म्हणाली, "आजी, अक्षर किती वळणदार." मी म्हटलं, चार यत्ता, बाळा, पण मास्तर कडक होते. ती खूप हसली. मीही हसले. सवय आहे ना.

आणि मग तो दिवस. उजाडताना धूळ दिसली आणि मागून तू, नवी टोपी घालून. गुरं मात्र देखणी होती रे. अंग चमकत होतं, एकाचीही बरगडी दिसत नव्हती. माझ्या काळात अशी नव्हती, हे मी मान्य करते. मुलीकडच्या म्हाताऱ्यांनी कुंपणापाशी विचारलं, "ही गुरं कुणाची?" आणि तू जराही न अडखळता म्हणालास, "माझी." मीच शिकवलेलं उत्तर. इतकं स्वच्छ म्हणालास की क्षणभर मलाच पटलं.

बायका माझ्याकडे वळल्या, कारण मामाचे आभार आधी बहिणीनं मानायचे असतात. मी आनंदाची आरोळी दिली. ऐकलीस ना? सगळ्यांत उंच माझी होती. गाओनेच्या मावशीनं मला मिठी मारली, "असा भाऊ सगळ्यांना मिळो!" गावातल्या बायका, ज्यांना मी नळावर एकतीस म्हणून सांगितलं होतं, त्या जमिनीकडे बघत होत्या. घरी परतताना गाडीत कुणी गुरांचा विषय काढला नाही. हवापाण्याचं बोललो. दुकानदारानं काल साखर दिली आणि वहीत न विचारता लिहून ठेवली.

नाताळात मी येणार नाही. बांडीला काढायची वेळ आली की कळवू नकोस.

एकच राहिलं. काल मोआगी गाओनेला घेऊन पाया पडायला आला. म्हणाला, "आजी, आम्ही ठरवलंय. पहिला मुलगा झाला तर मामाआजोबांचं नाव ठेवायचं. सेयाबेलो." माझ्या तोंडाकडे बघत होता, मला किती आनंद होतो ते. मी म्हटलं, ठेव. दुसरं काय म्हणणार? म्हणजे आता मनात येईल तेव्हा, दार लावून एकटीनं, तुझ्या नावानं शिव्या घालायच्या म्हटलं तरी सोय राहिली नाही. घरात एक लहान पोर ओ देईल.

गालेबोए